हिरडीत निळा रंग आणि लाल प्रकाश: कोणी करून घेतलंय का?

मदत हवी आहे. खालच्या शेवटच्या दाढेजवळची हिरडी ब्रश लागला की रक्ताळते. तिथे दात आणि हिरडीमध्ये ५ मिमी खोल फट, म्हणजे खिसा झालाय. डेंटिस्ट म्हणतात, स्केलिंगनंतर (दातांवरचा थर खरवडून काढल्यावर) त्यात मिथिलीन ब्लू हा निळा रंग सोडून ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश टाकू. प्रकाशाने रंग चेततो, त्यातून तयार होणारा उग्र ऑक्सिजन जंतूंचं आवरण फाडतो, एवढं कळलं. (१९०० च्या सुमारासच ऑस्कर राब या वैद्यकीय विद्यार्थ्याला रंग आणि उजेडाने सूक्ष्मजीव मरताना दिसले होते, म्हणजे कल्पना जुनीच!) पण हा ऑक्सिजन क्षणात विरतो, मायक्रोमीटरभरही जात नाही. मग प्लाकच्या चिकट थरात रंग तळापर्यंत मुरतो का? नुसत्या स्केलिंगपेक्षा कोणाला फरक जाणवला? आणि हो, हिरडी किती वेळ निळी राहते?