गाणं लिहून चालही लावणाऱ्याला काय म्हणावं?

लष्करकर: गणेशोत्सवाची पत्रिका छापायला द्यायची आहे. आमच्या वाड्यातल्या काकू पदं स्वतः रचतात, चालीही त्यांच्याच. मी ‘गीतकार’ लिहिलं तर सेक्रेटरी म्हणे, गीतकार फक्त शब्दांचा धनी. ‘गीतकार-संगीतकार’ लिहिलं की दोन माणसं वाटतात. एकच शब्द सुचवा.

तानपुरा: वाग्गेयकार. शार्ङ्गदेवाने 13व्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ या संगीतशास्त्राच्या ग्रंथात व्याख्याच केली आहे. शब्द म्हणजे मातु, चाल म्हणजे धातु. दोन्ही करतो तो वाग्गेयकार.

जनकगंजी: असं छापलंत तर लोक विचारतील, काकू मद्रासहून कधी आल्या? तो शब्द कर्नाटक संगीतातल्या त्यागराजांना शोभतो. सरळ ‘रचनाकार’ लिहा.

तानपुरा: शार्ङ्गदेव देवगिरीचा होता, म्हणजे आपल्या दौलताबादचा. आणि रचनाकार काय, हिंदी पेपरात कुणालाही लावतात.

बाड्यावरची: बंदिशकार म्हणा की! बंदिशीत बहुधा रचणाऱ्याचं टोपणनाव गुंफलेलं असतं. फैयाज खाँ ‘प्रेमपिया’, अमीर खाँ ‘सुररंग’, भातखंडे ‘हररंग’. काकूंनीही शेवटच्या ओळीत नाव घालावं, पत्रिकेची कटकटच नको.

शुद्धमती: बंदिश फारसी आहे. ‘पदकर्त्री’ हा आपला शब्द असताना उसनवारी कशाला?

जनकगंजी: फारसी-अरबी काढायचं तर आधी शाहीर काढा, मग फडणीस, चिटणीस. ग्वाल्हेरात निम्मी आडनावं उरायची नाहीत.

तानपुरा: रत्नाकरात आणखी गंमत आहे. दुसऱ्याच्या चालीत शब्द बसवणारा तो ‘कुट्टिकार’. शब्द देखणे पण चाल मंद, तो चक्क ‘अधम’! म्हणजे सिनेमाच्या चालीवर आरत्या लिहिणारे सगळे कुट्टिकार.

लष्करकर: काकूंची दोन पदं जुन्या भूपाळीच्या चालीवर आहेत. मग त्यांना काय लिहू?

बाड्यावरची: काहीही लिहा, कुट्टिकार नको. लोक ‘कुटणारी’ वाचतील.

शुद्धमती: कुटण्यावरूनच आला असणार तो. आमची आजी म्हणायची, चालीत शब्द कुटून बसवलेत.

जनकगंजी: आजीच्या जिवावर व्युत्पत्ती! मग कुट्टी घेणंही त्यातलंच का?

बाड्यावरची: आमचे गुरुजी तर बंदिशसुद्धा म्हणत नाहीत. ‘चीज’ म्हणतात.

शुद्धमती: चीजही फारसीच. त्याचा अर्थ नुसता ‘वस्तू’.

जनकगंजी: मग बैठकीत बुवांना सांगून बघा, “यमनातली एखादी वस्तू होऊ द्या.”