निवृत्तीनंतर कोकणात घर: चारचाकीशिवाय भागेल का?

पायवाट: शहरातून गावी राहायला येणारे आधी गाडी ठरवतात, मग जागा. जागा नीट निवडली तर गाडी लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. गावात मुक्कामाची एसटी येते का, ते आधी विचारा. रात्री गावात थांबून पहाटे तालुक्याला निघणारी गाडी असली की बँक, तहसील, दवाखाना एका खेपेत उरकतं. 65 पूर्ण झाली की अर्धं तिकीट, 75 नंतर फुकट, बायकांना मार्च 2023 पासून अर्धं. थांबा चालत दहा मिनिटांवर हवा. आणि जागा मे महिन्यात बघून व्यवहार करू नका. जुलैत या, पऱ्या म्हणजे ओढा भरून वाहत असताना, मग वाट कळेल.

घाटवाट: साफ अमान्य. आडगावच्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या वेळेवर बेतलेल्या असतात. मे महिन्यात आणि दिवाळीत शाळा बंद, की त्या फेऱ्याही बंद. भारमान, म्हणजे गाडीतल्या प्रवाशांचं प्रमाण, घसरलं तर आगार फेरी कायमची काढतं. 2021-22 च्या संपात तर बहुतेक गाड्या महिनोन्महिने आगारात उभ्या होत्या.

आणि रात्रीचं काय? फुरसं हा विषारी साप चावला तर रक्त गोठेनासं होतं. आरोग्य केंद्रात कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवतात; पातळच राहिलं तर प्रतिविष सुरू, सुरुवातीलाच साधारण 10 कुप्या. मण्यार असेल तर श्वास बंद पडू शकतो, व्हेंटिलेटर असलेलंच रुग्णालय गाठावं लागतं. तेव्हा पहाटेच्या एसटीची वाट बघणार?

पायवाट: नाही, 108 च्या रुग्णवाहिकेला फोन करणार, आणि ती लांब असेल तर वाडीतल्या रिक्षावाल्याला उठवणार. त्याचा नंबर भिंतीवर लिहिलेला हवा. तेही नसेल तर दुचाकीवर चालवणारा आणि मागचा यांच्या मधे रुग्णाला बसवतात, चावलेला अवयव न हलवता. सत्तरीतल्या माणसाने धो धो पावसात, घाबरलेल्या अवस्थेत स्वतः घाट उतरणं यापेक्षा जास्त धोक्याचं आहे.

पाना-पक्कड: गाडी घेणाऱ्यांना एवढंच सांगतो, कोकणात उभी गाडी लवकर खराब होते. दोन मिनिटं चालू करून बंद केली तर बॅटरी भरण्याऐवजी उतरते. आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी रस्त्यावर काढा. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. बॉनेटखाली उंदीर वायरी कुरतडतात. हे जमणार नसेल तर ऐन गरजेच्या रात्री ती सुरूच होणार नाही.

घाटवाट: हे पटलं. तरी गाडी हवीच, फक्त ती चालवणारा वाडीतला तरुण आधी ठरवून ठेवा आणि किल्ली कुठे असते ते शेजाऱ्यांना माहीत असू दे.

पायवाट: मग तोच तरुण रिक्षा घेईल यासाठी प्रयत्न का नकोत? फेरी टिकवणंही गावाच्या हातात असतं. चालक-वाहकाला झोपायला कोरडी खोली, पाणी आणि स्वच्छ संडास नसेल तर मुक्काम आधी तुटतो. ग्रामपंचायतीने ते करून द्यावं, आणि पासधारक मुलांची यादी जोडून ठराव आगारप्रमुखांकडे नेऊन पोच घ्यावी.