मदत हवी आहे: घाम आला की कृत्रिम हात आपोआप मिटतो

मी गोव्यातल्या डिचोलीचा. पंप-मोटार रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. इलेक्ट्रॉनिक्स व्हिडिओ बघून शिकलोय, त्यामुळे चुकत असेन तर सरळ सांगा.

काकांचा उजवा हात भातगिरणीच्या पट्ट्यात गेला. कोपराखाली चारेक इंच उरलाय. एका शिबिरात फुकट हात मिळाला होता, रंग अगदी कातडीसारखा, पण बोटं हलत नाहीत. तो कपाटात असतो, लग्नकार्याला बाहेर निघतो. बोटं हलणाऱ्याची चौकशी केली तर आकडा लाखांत. म्हटलं, आपणच बघू.

इंटरनेटवर फुकट मिळणारा इनमूव्ह नावाचा नमुना घेऊन थ्रीडी प्रिंटरवर हात छापला. (एका फ्रेंच शिल्पकाराने २०१२ मध्ये कृत्रिम हात म्हणून सुरू केला होता, पुढे त्याचा अख्खा रोबो झाला.) पहिला पीएलए प्लास्टिकचा, तो मे महिन्यात गाडीत विसरलो, बोटं वाकडी. ते साठ अंशांच्या आसपासच मऊ पडतं. आता पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक वापरतो. बोटं ओढायला आधी गळाची नायलॉन दोरी होती, ती ताणून सैल पडायची. मालीम जेटीकडे विणलेली मिळाली, ती टिकली.

बोटं वळवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात, पंजा गेला तरी ते उरतात. पहिल्यांदा स्नायूंचे विजेचे सिग्नल पकडणारे दोन सेन्सर कातडीवर लावून म्हटलं, "काका, मूठ वळा." वळायला मूठ नाही, पण स्क्रीनवर रेष टुणकन वर! काका कितीतरी वेळ वळत आणि सोडत बसले.

आता अडचण. पंख्याखाली सगळं ठीक. अंगणात गेलं की पंधरा-वीस मिनिटांत घाम, सेन्सरचे कातडीला चिकटवलेले जेलचे इलेक्ट्रोड सुटतात, रेष नाचते आणि हात आपला आपण मिटतो. परवा काकांनी खांद्यावरचा पंचा ओढला तो हाताने सोडेचना. शेवटी मी स्विच बंद केला. हसलो खरे, पण गरम चहाचा ग्लास असता तर? मोटार फिरताना रेष आणखीच बिघडते. सगळं एकाच बॅटरीवर आहे.

जेलऐवजी स्टीलची बटणं चालतील का? की हा नादच सोडू? काका म्हणतात, "कोयत्याने सोलताना नारळ धरायचा आणि माटोळीच्या (चवथीला गणपतीवर फळं-भाज्या टांगतात ती चौकट) दोरीचं एक टोक पकडायचं. पाच बोटं हवीत कोणाला?" चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) काहीतरी द्यायचंय.

तारजोड:
स्टेनलेसची बटणं चालतील. थोडा घाम त्यांना उलट बरा, संपर्क सुधारतो. धारा लागल्या की मात्र दोन बटणांमध्ये खारं पाणी साचतं आणि सिग्नल पडतो. ती सॉकेटच्या (उरलेला हात ज्यात बसतो त्या कपाच्या) आत घट्ट बसवा. घामापेक्षा हलणं जास्त नडतं. सिग्नल किती वर गेला की हात मिटायचा, याचा कोडमध्ये एकच ठरीव आकडा आहे ना? तो काढा. मिटायला सुरुवात वरच्या मर्यादेवर, थांबणं खालच्या. आणि रोज हात चढवला की आकडे नव्याने घ्या. मोटारीला वेगळी बॅटरी, ग्राउंड (ऋण टोक) एकच.

एक गोष्ट लक्षात ठेवाच: इलेक्ट्रोड अंगावर असताना लॅपटॉप चार्जरला लावायचा नाही. घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण शिरते ती शिरतेच, शिवाय चार्जर बिघडलेला असला तर जिवावर बेतेल.

बाकी काकांचंच ऐका. खांद्याच्या पट्ट्याला जोडलेल्या केबलने ओढून उघडायचा दोन पात्यांचा हूक १९१२ पासून लोक वापरताहेत. घाम, बॅटरी, कशाची भानगड नाही. शिवाय केबलचा ताण खांद्याला कळतो, त्यामुळे हूक किती उघडलाय हे न बघता समजतं. तुमच्या मोटारीच्या हाताला ते येत नाही.

धागाकर्ता:
काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बघ, मी काय सांगत होतो." आधी हूक करतो, मोटारीचं चवथीनंतर. केबल म्हणून सायकलच्या ब्रेकची तार चालेल का? तिचं आवरण कोपराशी फार वळलं की अडकेल अशी भीती वाटते.