मदत हवी आहे: ट्रेकच्या शिबिरात मास्लो चालतो का?

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आठवी-नववीच्या ३० मुलांना दोन रात्री राजमाचीला नेतोय. मानसशास्त्रज्ञ मास्लोच्या १९४३ च्या मांडणीप्रमाणे (मूलभूत गरजा भागल्या की पुढच्या जाग्या होतात) आधी जेवण-झोप, मग सुरक्षितता, मग आपलेपणा असा क्रम आखला होता. गेल्या वर्षी मात्र उलटंच झालं! राजमाचीच्याच श्रीवर्धन किल्ल्याच्या चढावर एकीच्या बुटाचा तळ निघाला. पोटात कावळे ओरडत होते, तरी तिघींनी सुतळीने बूट बांधून तिला वर नेलंच. आणि तंबूत एकटा पडलेला एक मुलगा पोटभर पिठलं-भाकरी खाऊनही रडत होता.

मग मानसशास्त्रज्ञ डेसी आणि रायन यांची स्वायत्तता (स्वतः ठरवण्याची मोकळीक), क्षमता, आपलेपणा ही गरजांची त्रयी जास्त लागू पडेल का? स्वायत्तता म्हणून मुलांवर नेमकं काय सोपवावं? (कड्याजवळ काहीच नाही, ते ठरलंय.) तुम्ही दिवस कसा आखता?