मेव्हन म्हणते बिल्ड सक्सेस, पण टेस्ट चालल्या शून्य

काटापावती_कोडर (आर्णीजवळ, जि. यवतमाळ)
नमस्कार मंडळी. इथल्या एका कापूस व्यापाऱ्यासाठी काटापावतीचं सॉफ्टवेअर जावात लिहितोय, बिल्ड मेव्हनवर (कोड जुळवून टेस्ट चालवणारं टूल). ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे टक्क्यामागे कपात, १२ च्या वर गाडी परत. या हिशेबावर जेयुनिट ५.१० (टेस्ट लिहायची लायब्ररी) मध्ये १४ टेस्ट आहेत. नागपूरचा मित्र म्हणतो, त्याच्याकडे १३ पास, एक फेल. माझ्याकडे तोच कोड, तीच पॉम फाइल (मेव्हनची सेटिंग), आणि ‘टेस्ट्स रन: ०’. खाली ऐटीत बिल्ड सक्सेस! दोन दिवस मी त्याच्याच लॅपटॉपला नावं ठेवत होतो. काहून होत असेल असं?

जुनाजावा
भाऊ, दोघांचं मेव्हन कोणतं ते सांगा आधी.

काटापावती_कोडर
माझं ३.६.३, त्याचं ३.९.

जुनाजावा
मग मित्राची माफी मागा. पॉममध्ये शुअरफायरचं (टेस्ट चालवणारं मेव्हनचं प्लगइन) व्हर्जन लिहिलं नसेल, तर मेव्हन स्वतःचं वापरतं. ३.६.३ सोबत २.१२.४ येतं. ते जेयुनिट ५ च्या आधीचं, त्याला ज्युपिटरच्या, म्हणजे जेयुनिट ५ च्या, टेस्ट दिसतच नाहीत. दिसत नाहीत म्हणून फेलही होत नाहीत. २.२२.० पासून सपोर्ट आहे, पण तुम्ही सरळ ३.२.५ लिहून टाका. दोघांकडे एकच चालेल.

काटापावती_कोडर
लाइट रात्री ११ ला आली, मग गच्चीवर जाऊन मोबाईलच्या नेटवर डाउनलोड केलं. आता शून्य गेलं, पण ‘टेस्ट इंजिन ज्युपिटर फेल्ड टू डिस्कव्हर टेस्ट्स’ आणि खाली ‘नोसचमेथडएरर’. एक कबुली देतो: परवा वैतागून इंटरनेटवरची, जेयुनिटच्याच प्लॅटफॉर्म-कॉमन्स १.८.२ ची डिपेंडन्सी (जोडलेली लायब्ररी) पॉममध्ये चिकटवली होती. तेव्हा काहीच फरक पडला नाही, म्हणून विसरलो.

वर्धेची_ताई
फरक कसा पडणार दादा, तेव्हा काही चालतच नव्हतं! ज्युपिटर ५.१० ला प्लॅटफॉर्म १.१० लागतो. तुम्ही थेट लिहिलेलं व्हर्जन मेव्हन आधी धरतं, म्हणून १.८.२ आलं आणि नवीन मेथड सापडली नाही. ती डिपेंडन्सी उडवा, डिपेंडन्सी मॅनेजमेंटमध्ये जेयुनिटचं बॉम (जुळणाऱ्या व्हर्जनची यादी) इम्पोर्ट करा, जेयुनिटचा आकडा बाकी कुठेही लिहू नका. मग डिपेंडन्सी ट्री काढून बघा, १.८.२ कुठे उरलं नाही ना. (जेयुनिट ६ पासून ज्युपिटर आणि प्लॅटफॉर्मचा आकडा एकच केलाय, पण त्याला जावा १७ लागतं.)

काटापावती_कोडर
चाललं बाप्पा! १४ चालल्या, १३ पास, एक फेल. बरोबर ८.० टक्के ओलाव्याच्या गाडीलाही कपात लागत होती, ‘पेक्षा जास्त’च्या जागी मी ‘पेक्षा जास्त किंवा समान’ लिहिलं होतं. मित्राला फोन लावला, तो अजून हसतोच आहे.