बायोटिनच्या गोळ्यांमुळे थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो का?

प्रश्न (रामबाग, इंदूर): आईला ना धडधड होते, ना तिचे वजन उतरले आहे; तरीही तिच्या अहवालात टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) अतिशय कमी आणि फ्री टी४ (थायरॉइड स्वतः तयार करते ते संप्रेरक) वाढलेले आले आहे. केस गळतात म्हणून ती रोज १० मिलिग्रॅम बायोटिन (ब गटातील एक जीवनसत्त्व) घेते. त्याचा संबंध असेल का?

प्रतिसाद: असू शकतो, आणि थायरॉइड दाबणारे औषध सुरू करण्यापूर्वी ही शंका फिटलीच पाहिजे. रक्त तपासणाऱ्या अनेक यंत्रांत, संप्रेरक ओळखणारी प्रतिपिंडे धरून ठेवण्यासाठी बायोटिन व त्याला चिकटणारे स्ट्रेप्टाविडिन हे प्रथिन यांची घट्ट जोडी वापरतात. रक्तातील जादा बायोटिन स्ट्रेप्टाविडिनच्या जागा अडवते आणि यंत्राला मिळणारा संकेत क्षीण होतो; टीएसएचच्या सँडविच पद्धतीत (संप्रेरक जितके जास्त, तितका संकेत जास्त) त्याचा अर्थ कमी संप्रेरक असा लागतो, तर फ्री टी४च्या स्पर्धात्मक पद्धतीत (संप्रेरक जितके जास्त, तितका संकेत कमी) तोच क्षीण संकेत जास्त संप्रेरक म्हणून वाचला जातो. दोन्ही मिळून हुबेहूब ग्रेव्हज आजाराचे (थायरॉइड अतिसक्रिय होण्याचा आजार) चित्र उभे राहते. शरीराची रोजची गरज जेमतेम ३० मायक्रोग्रॅम असते, हेही लक्षात घ्यावे.

दुसरा प्रतिसाद: अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला होता. हृदयविकाराच्या निदानासाठी रक्तात मोजले जाणारे ट्रोपोनिन हे प्रथिनही खोटे कमी येऊ शकते, हे मला अधिक गंभीर वाटते. काकूंनी डॉक्टरांना विचारून गोळी किमान दोन दिवस थांबवावी आणि मग पुन्हा रक्त द्यावे.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. सगळीकडे हीच अडचण येते का?

प्रतिसाद: नाही. ही जोडी न वापरणाऱ्या चाचण्याही आहेत. तोच नमुना तशा पद्धतीने तपासून मागता येतो.