तुकडे होणारी पिस्तुलाची गोळी : जखम वाचायची कशी?

अन्वय : स्नायूच्या जागी वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी झाडून झालेली पोकळी पाहिली की तुकडे होणाऱ्या गोळीची जखम कळते, असे कालच्या लेखात ठामपणे म्हटले आहे. मला ते अजिबात पटलेले नाही. तुकडे होणाऱ्या गोळ्यांपैकीच एक असलेल्या ग्लेसर गोळीच्या पातळ तांब्याच्या कवचात बारीक छर्रे दाबून भरलेले असतात. शरीरात शिरताच कवच उघडते आणि छर्रे पसरतात. पिस्तुलाच्या वेगाला ऊती क्षणभर बाजूला ढकलल्या जाऊन होणारी तात्पुरती पोकळी फुप्फुस आणि स्नायू बहुधा सोसतात, यकृत मात्र फाटू शकते. एकजिनसी ठोकळ्यात हा फरक कसा दिसणार?

बल्लाळ : जिलेटिन इतक्या सहज मोडीत काढू नका. १० टक्के जिलेटिन ४ अंश सेल्सिअसला वापरण्याची पद्धत अमेरिकी लष्करी शल्यविशारद मार्टिन फॅकलर यांनी डुकराच्या स्नायूशी पडताळली होती. एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेने १९८६ च्या मायामीतील आपल्या चकमकीनंतर गोळी किमान १२ इंच खोल शिरावी असा निकष धरला, तोही जिलेटिनवरच. हे छर्रे उथळ राहतात, हे ठोकळ्यानेच दाखवले.

शल्यक : माझ्यासमोर आलेल्या एका रुग्णाच्या पोटावर करंगळीच्या टोकाएवढी एकच जखम होती आणि क्ष-किरण चित्रात छर्रेच छर्रे विखुरलेले होते. सहकाऱ्याने कागदावर 'शॉटगन' (छर्ऱ्यांची बंदूक) असे लिहूनही टाकले होते. छर्ऱ्यांमध्ये चुरगळलेले कवच मला दिसले, म्हणून ती नोंद बदलली. तुमच्या ठोकळ्याचा तेथे काय उपयोग होता?

अन्वय : ते कवच बाहेर कशाने काढलेत, हे आधी सांगा. पिस्तुलाच्या नळीतील आट्यांच्या (आतील पिळदार खाचांच्या) खुणा कवचावरच उमटतात, छर्ऱ्यांवर नाही. दातेरी चिमट्याने ते धरले की नव्या ओरखड्यांमुळे पिस्तुलाशी जुळवणी अवघड होते. अशी बिघडलेली कवचे माझ्या टेबलावर सतत येतात आणि मला त्याचा मनस्वी संताप येतो. कपडेही कापताना नेमके गोळीच्या भोकातूनच कापलेले असतात!

शल्यक : रुग्णाचा रक्तदाब कोसळत असताना मी आधी रक्तवाहिनी बांधणार, हे तुम्हाला मान्य नसेल तर आपली चर्चा येथेच थांबलेली बरी. फाटलेल्या कवचाच्या कडा हातमोजा चिरतात, त्यामुळे ते बोटांनी काढा असे मला सांगू नका. चिमट्याच्या टोकांवर रबरी नळी चढवणे मात्र शक्य आहे. तेवढे मी करीन.

बल्लाळ : कवच जपावे, हे मान्य करावेच लागेल. शिवाय गोळीचे प्लास्टिकचे टोक क्ष-किरण चित्रात दिसत नाही, त्यामुळे शवविच्छेदनात जखमेचा मार्ग उघडून ते शोधावे लागते. तरीही दोन प्रकारच्या गोळ्या किती खोल जातात याची तुलना जिलेटिनवाचून कशी करायची, याचे उत्तर अन्वय यांनी अद्याप दिलेले नाही.